वैशाखवणवा आणि श्रमिकाची सावली

चैत्र लागला की आपल्या देवळांतून उन्हाळ्याची चाहूल लागते. शिवपिंडीवर गळती बांधली जाते आणि पात्रातले पाणी थेंबाथेंबाने देवाच्या मस्तकी पडू लागते. पंढरपुरास गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलास चंदनाची उटी लावण्याचा प्रघात आहे. अक्षय्य तृतीयेस पाण्याने भरलेला कुंभ दान द्यावयाचा असतो. वाटसरूंसाठी पाणपोई घालणे हे पुण्यकर्म होय, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. शास्त्रकारांनीही विहीर, तलाव, देवालय व अन्नदान यांच्या पंक्तीस तिला बसवून ‘पूर्त’ कर्मांत तिची गणना केली आहे.

उष्णतेवरील उपाय आपल्या लोकांस ठाऊक नव्हता, असे यावरून कोणी म्हणू शकणार नाही. पाणी, सावली आणि विसावा एवढाच तो उपाय आहे, आणि तो घरोघरी माहीत आहे. तरीही एक प्रश्न उरतोच. वाटसरू आपल्या इच्छेने पाणपोईपाशी थांबतो. परंतु त्याच रस्त्यावर खडी पसरणारा मजूर आपल्या इच्छेने थांबू शकतो काय? पाणपोई शंभर पावलांवर आहे, पण हातातले काम सोडून तेथवर जाण्याची मोकळीक त्याला नाही, अशी स्थिती असेल तर त्या पाण्याचा त्याला काय उपयोग? गेल्या सव्वाशे वर्षांत जगातील निरनिराळ्या देशांत हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला, आणि बहुतेक वेळा कोणाचा तरी प्राण गेल्यावरच त्याकडे लक्ष गेले. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

‘वैशाखवणवा’ हा आपल्या भाषेतला शब्द येथे आठवतो. ऊन आणि रानातली आग या दोन आपत्ती एकाच ऋतूत येतात, हे या शब्दाने फार पूर्वीच नोंदवून ठेवले. उन्हात राबणाऱ्याला धुराचीही बाधा होते, हे कायद्याच्या पुस्तकात येण्यास मात्र २०१९ साल उजाडावे लागले.

प्रथम शरीराचा व्यवहार पाहू. मनुष्याच्या देहाचे आतले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. स्नायू काम करतात तेव्हा त्यांत उष्णता निर्माण होते. म्हणजे कुदळ चालविणाऱ्याला वरून सूर्य तापवितो आणि आतून त्याचेच श्रम तापवितात. ही उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य साधन घाम हे आहे. घाम वाळताना देहातील उष्णता घेऊन जातो. कष्टाच्या कामात तासाला एक लिटर किंवा त्याहून अधिक घाम जाऊ शकतो. परंतु हवा दमट असली तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि देह तापत जातो. यास्तव कोकणपट्टीतील ३६ अंश हे माळव्यातील ४२ अंशांइतकेच, प्रसंगी त्याहून अधिक, घातक ठरू शकतात. देहाचे तापमान ४० अंशांच्या वर गेले, मनुष्य असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपून पडला, की त्याला उष्माघात म्हणतात. त्या वेळी घटकाभराचा विलंबही प्राणावर बेततो.

हे गणित प्रथम उलगडले ते कापडगिरण्यांत आणि खाणींत. लँकशायरच्या विणकामशाळांत सुताचा धागा तुटू नये म्हणून हवेत वाफ सोडीत असत. धाग्याला ती मानवे, पण माणसाला मानवत नसे. कामगारांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा इंग्लंडात १८८९ साली कापूस-कापड कारखान्यांचा कायदा झाला आणि हवेत दमटपणा किती असावा याची मर्यादा आकड्यांनी बांधून देण्यात आली. गिरण्यांचा धंदा मुंबई, अहमदाबाद व इंदूर येथे वाढला त्या काळात हा प्रश्न तेथेही आला असल्यास नवल नाही. एकदा यंत्राच्या सोयीने हवा ठरू लागली की तिचा भार कामगारावरच पडावयाचा.

पुढे १९०५ साली जे. एस. हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. श्वसनाचा व खाणींतील हवेचा अभ्यास करणारा हा विद्वान स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याबद्दल ख्यात होता. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळले असता जो आकडा दिसतो, तोच माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचा. कोरड्या तापमापकाचा आकडा फसवा असतो, हे त्याने दाखवून दिले. स्थिर हवेत हा ओल्या तापमापकाचा आकडा सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेला की स्वस्थ बसलेल्या माणसाचेही अंग तापू लागते, असे त्यास आढळले. काम करणाऱ्यासाठी तर ही सीमा आणखी खाली येते. उष्णता सोसणे हा केवळ सवयीचा वा हिमतीचा प्रश्न नसून त्याला एक मर्यादा आहे आणि ती मोजता येते, हे या प्रयोगांनी सिद्ध झाले. ‘आमचे मजूर काटक आहेत, त्यांना उन्हाचे काही वाटत नाही’ असे म्हणणाऱ्यांना हे शास्त्रीय उत्तर होते.

खाणींनीच आणखी एक गोष्ट शिकविली. खोल कोळसाखाणींतील मजूर घामाघूम होत, भरपूर पाणी पीत, आणि तरीही त्यांच्या हातापायांत असह्य गोळे येत. घामाबरोबर मीठही जाते आणि नुसते पाणी पिऊन ते भरून निघत नाही, हे मॉस नावाच्या संशोधकाने १९२३ साली दाखवून दिले. पाण्यात किंचित मीठ मिसळून दिले असता गोळे येणे थांबे. हे वाचताना आम्हांस गोव्यातील व दक्षिण कोकणातील पेजेची आठवण होते. शेतात पहाटेपासून राबणाऱ्यांनी दहा-अकराच्या सुमारास काम थांबवावे, सावलीला बसावे आणि मीठ घातलेली पातळ पेज लोणच्याच्या फोडीबरोबर प्यावी, हा आपला जुना शिरस्ता. पाणी, मीठ, अन्न आणि विश्रांती या चारही गोष्टी त्या एका वाडग्यात एकत्र येत. आपल्या पूर्वजांनी हे प्रयोगशाळेत शोधले नव्हते, हे खरे. परंतु पेजेची वेळ टळू देऊ नये हे शेतमालकाच्या घरीही मान्य होते, आणि खरी गोष्ट तीच होय. मजुराला थांबण्यासाठी परवानगी मागावी लागत नसे.

या इतिहासातला पुढचा अध्याय दक्षिण आफ्रिकेत घडला. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणी जसजशा खोल गेल्या तसतसा खडक तापत गेला. त्यातच दगड फोडताना उडणाऱ्या धुळीने फुप्फुसाचा असाध्य रोग जडतो असे आढळल्यावर, धूळ बसविण्यासाठी खडकावर पाणी मारू लागले. धूळ बसली, पण हवा दमट झाली, आणि १९२०च्या दशकात उष्माघाताने मजूर मरू लागले. एका रोगावरील उपाय दुसऱ्याचे कारण झाला. डॉ. ड्रेओस्टी यांनी तेथे मजुरांना तापविलेल्या खोलीत काम करावयास लावून त्यांच्या देहाचे तापमान मोजले आणि १९३५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उष्णतेची सवय देहाला होते, पण ती हळूहळू, काही दिवसांच्या क्रमाने व्हावी लागते. नव्या माणसास पहिल्याच दिवशी पूर्ण कामावर लावणे म्हणजे त्यास संकटात लोटणे होय, हे त्यातून निश्चित झाले. आजही उष्माघाताने दगावणाऱ्या कामगारांत कामावर नव्याने आलेल्यांचा भरणा मोठा असतो. वाचकांनी येथे एक गोष्ट विसरू नये. हे ज्ञान ज्या कृष्णवर्णीय मजुरांच्या देहावरून मिळाले, त्यांना मत नव्हते, संघटनेचे स्वातंत्र्य नव्हते आणि ती परीक्षा नाकारण्याची सोयही नव्हती. खाणमालकांना हवे होते ते उत्पादन; मजुराचा जीव वाचला तो त्याच्या अनुषंगाने.

अमेरिकेत १९३१ साली कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू झाले. ब्लॅक कॅन्यनच्या खडकाळ दरीत त्या उन्हाळ्यात उष्णतेचा कहर झाला. जागतिक मंदीने बेकार झालेली माणसे बायकामुलांसह नदीकाठच्या तंबूंत राहत होती. कामगारांसाठी आखलेली वसाहत अजून तयार नव्हती. त्या एका उन्हाळ्यात डझनाहून अधिक मजूर उष्णतेने मृत्यू पावले. ऑगस्ट १९३१ मध्ये मजुरांनी संप केला, आणि त्यांच्या मागण्यांत पिण्यास स्वच्छ व थंड पाणी मिळावे ही एक होती. संप मोडला गेला. परंतु पुढे राहण्याची व पाण्याची व्यवस्था सुधारली, आणि १९३२ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी तेथे येऊन घाम व मीठ यांचा अभ्यास केला. विसाव्या शतकातील एका महान बांधकामावर माणसांना पाण्यासाठी संप करावा लागला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

उष्णता मोजण्याचे आजचे जगन्मान्य साधन लष्कराने दिले. अमेरिकी नौसैनिकांच्या पॅरिस आयलंड येथील शिक्षणतळावर दरवर्षी तरुण शिपाई कवायत करताना उन्हाने कोसळत. यॅग्लू व मिनार्ड यांनी १९५७ साली एक सूत्र मांडले. ओल्या तापमापकाच्या आकड्याला सात दशांश, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला दोन दशांश आणि साध्या तापमापकाला एक दशांश महत्त्व देऊन त्यांची बेरीज करावयाची. दमटपणा, ऊन, वारा व हवेची उष्णता या चारही गोष्टींचा हिशेब त्यात होतो. आकडा वाढेल तसा निराळ्या रंगाचा बावटा तळावर चढवावयाचा, आणि ठरावीक बावटा चढला की कवायत बंद. असे केल्यावर तेथील उष्माघाताचे प्रमाण पुष्कळच खाली आले. यातले मर्म असे की, थांबावयाचे की नाही हे ठरविणे शिपायाच्या वा हवालदाराच्या मर्जीवर ठेवले नाही. ते बावट्यावर सोपविले.

आतापर्यंतची ही सारी स्थळे एका धन्याच्या ताब्यातली, सीमा आखलेली होती. आपल्याकडील १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करून देण्याची सक्ती केली होती. परंतु तीही कारखान्यापुरतीच. ज्याला भिंती नाहीत त्या शेताचे काय? हा प्रश्न कॅलिफोर्नियातील शेतमजुरांनी लावून धरला. तेथील मध्य खोऱ्यात द्राक्षे, टोमॅटो, बदाम पिकतात, आणि ते तोडणारे हात बहुतांशी मेक्सिकोतून आलेल्यांचे असतात. गांधीजींना आदर्श मानणारे आणि १९६८ साली पंचवीस दिवसांचे उपोषण करणारे सीझर चावेझ व त्यांच्या सहकारी डोलोरेस ह्युर्टा यांनी त्यांची संघटना उभारली होती. जुलै २००५ च्या कडक उन्हाळ्यात तेथे काही शेतमजूर शेतातच मरण पावले, तेव्हा त्या राज्याने तातडीचा नियम केला आणि २००६ मध्ये तो कायम झाला. उघड्यावर काम करणाऱ्यांना उष्णतेपासून संरक्षण देणारा अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा हा पहिला नियम होय.

नियम साधा होता. प्रत्येक माणसामागे तासाला सुमारे एक लिटर पाणी, सावली, दम घेण्याची मोकळीक, आणि मुकादम व मजूर दोघांनाही लक्षणांची माहिती. परंतु २००८ च्या मे महिन्यात द्राक्षमळ्यात काम करणारी एक सतरा वर्षांची गर्भवती मुलगी उन्हाने कोसळली आणि दोन दिवसांनी मृत्यू पावली. ती कामावर येऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. पाणी होते, पण ते दहा मिनिटांच्या वाटेवर, आणि तेथवर जाऊन येण्याइतका अवकाश मजुरांना मिळत नव्हता, असे तिच्या सोबत्यांनी सांगितले. नियम लागू होऊन जवळजवळ तीन वर्षे होत आली होती. आम्ही आरंभी विचारलेला पाणपोईचा प्रश्न तो हाच.

त्यानंतर संघटनेने राज्यावरच दावे लावले आणि नियमाचा एकेक शब्द घट्ट होत गेला. २०१० मध्ये ३५ अंशांवरील उष्णतेसाठी अधिक कडक रीत सांगितली गेली. २०१५ मध्ये, हवा २६.७ अंशांच्या वर गेली की सावली मांडून तयार असलीच पाहिजे, पाणी कामाच्या शक्य तितके जवळ असले पाहिजे, थंडाव्यासाठी थांबू इच्छिणाऱ्यास निदान पाच मिनिटे मिळालीच पाहिजेत, आणि ३५ अंशांवर शेतमजुरांना दर दोन तासांनी दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती दिली पाहिजे, असे ठरले. नव्या माणसावर पहिले चौदा दिवस विशेष नजर ठेवण्याचे कलमही त्यात आले. जोहान्सबर्गच्या खाणीतला धडा ऐंशी वर्षांनी शेतात पोचला. पुढे २०२४ मध्ये भिंतींच्या आतील कामांसाठी, म्हणजे गुदामे, धुलाईखाने, स्वयंपाकघरे यांसाठीही तेथे वेगळा नियम झाला.

आता धुराकडे वळू. डिसेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या व्हेंचुरा भागात मोठा वणवा लागला. राख पडत होती, आकाश पिवळट झाले होते, आणि त्या धुरात मजूर स्ट्रॉबेरी तोडीत होते. कित्येकांच्या तोंडावर केवळ रुमाल होता. पुढील वर्षी ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅराडाइस हे गाव वणव्यात भस्मसात झाले आणि ८५ माणसे मरण पावली. त्या आगीचा धूर दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या सॅन फ्रान्सिस्कोवर कित्येक दिवस साचून राहिला. शाळा बंद झाल्या. परंतु रस्त्यावर, बांधकामावर व शेतांत काम करणाऱ्यांनी काय करावे हे कोणत्याही नियमात नव्हते.

धुरातील सर्वांत घातक भाग डोळ्यांना दिसत नाही. अडीच सहस्रांश मिलिमीटर किंवा त्याहून लहान असे हे कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. नाकातील केस व घशातील ओलावा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. दमेकऱ्यास त्रास होतो हे उघडच आहे, परंतु हृदयरोग्यासही त्यापासून धोका असतो. श्रम करणारा मनुष्य स्वस्थ बसलेल्यापेक्षा कितीतरी अधिक हवा ओढतो, म्हणून त्याच धुरात त्याच्या वाट्यास विष अधिक येते. ओला पंचा किंवा रुमाल तोंडाला बांधण्याची आपली रीत डोळ्यांना व घशाला थोडा आराम देते, पण हे कण त्यातून आरपार जातात. त्यासाठी ‘एन-९५’ म्हणून ओळखली जाणारी गाळणीची मुखपट्टी लागते, आणि तीही चेहऱ्यास घट्ट बसली तरच उपयोगी. दाढी असल्यास कडेने हवा आत शिरते.

जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने वणव्याच्या धुराविषयी तातडीचा नियम केला आणि २०२१ मध्ये तो कायम झाला. सूक्ष्म कणांचा तेथील हवानिर्देशांक १५१ वा अधिक झाला की मालकाने कामगारांना तसे कळवावे, शक्य असल्यास काम बंदिस्त व गाळलेल्या हवेच्या जागी न्यावे, तेही न जमल्यास काम दुसऱ्या जागी हलवावे, वेळ बदलावी किंवा विश्रांती वाढवावी, आणि मुखपट्ट्या हाताशी द्याव्यात. निर्देशांक ५०० च्या वर गेला की मुखपट्टी सक्तीची. प्रथम धुरापासून माणूस दूर न्यावयाचा आणि मुखपट्टी शेवटी, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. कारण भर उन्हात मुखपट्टी लावून कष्ट करणे जिवावर येते. जोहान्सबर्गला जसे धुळीवरील पाणी उष्णतेचे कारण झाले, तसाच हा पेच आहे. त्यातून सुटण्याचा मार्ग एकच, काम कमी करणे किंवा थांबविणे.

ऊन व वणवा यांचा संबंध किती निकट आहे, हे जून २०२१ मध्ये कॅनडातील लिटन या लहानशा गावाने दाखविले. तेथे २९ जूनला ४९.६ अंश ही त्या देशातील आजवरची सर्वाधिक उष्णता नोंदली गेली, आणि दुसऱ्याच दिवशी आगीने ते गाव जळून गेले. त्याच लाटेत अमेरिकेच्या ओरेगन राज्यात शेतमजुराचाही बळी गेला; पुढील वर्षी त्या राज्याने उष्णता व धूर या दोहोंविषयी नियम केले.

हा झाला दूरचा वृत्तान्त. आमच्या गुजराथेतील वाचकांस मे २०१० चा अहमदाबादचा उन्हाळा आठवत असेल. २१ मे रोजी तेथे ४६.८ अंश तापमान होते, आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे पुढील अभ्यासात आढळले. त्यानंतर २०१३ साली अहमदाबाद महानगरपालिकेने उष्णताकृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील हा पहिलाच आराखडा. आगाऊ इशारा द्यावा, रुग्णालये सज्ज ठेवावीत, पाण्याची सोय वाढवावी, आणि थंडाव्याच्या जागा म्हणून सार्वजनिक इमारतींबरोबर मंदिरेही खुली ठेवावीत, असे त्यात म्हटले आहे. देवळाचा सभामंडप हा उन्हाने पोळलेल्याचा आसरा होय, ही गोष्ट एका नगरपालिकेच्या कागदात आलेली पाहून आम्हांस समाधान वाटले. गोवा व रत्नागिरीकडील कित्येक कुटुंबांचे कर्ते पुरुष आखाती देशांत राबतात. त्यांतील कतारने २०२१ पासून उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावरील काम बंद ठेवण्याचा, आणि यॅग्लू-मिनार्ड यांच्या सूत्राने आकडा ३२.१ च्या वर गेल्यास कोणत्याही वेळी काम थांबविण्याचा नियम केला आहे. म्हणजे आपल्याच माणसाला वाळवंटात मिळणारे संरक्षण येथे आपण त्याच्या भावाला देतो काय, हे पाहण्याची वेळ आली आहे.

मार्च २०२३ मध्ये हा प्रश्न गोव्याच्या दाराशी आला. महिन्याच्या आरंभीच उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला, आणि ९ व १० मार्च रोजी शाळा दुपारी बारापूर्वी सोडण्यात आल्या. त्याच दिवसांत सत्तरीतील म्हादई अभयारण्यात व अन्य डोंगरांवर ठिकठिकाणी आगी लागल्या. काजूचा तो भर हंगाम. बागायतींनाही झळ पोचली. नौदलाची व वायुदलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकण्यास आली. परंतु हेलिकॉप्टर पोचत नाही त्या उतारावर वनरक्षक, अग्निशामक दलाचे जवान आणि गावकरी पायी चढून आग झोडपीत होते. मुलांना उन्हातून घरी पाठविण्याचे भान राखले गेले, हे योग्यच झाले. त्या डोंगरावरच्या माणसांसाठी पाणी कोणी वाहिले, तोंडाला काय होते आणि त्यांना आळीपाळीने खाली कोणी आणले, हे मात्र पुढच्या चैत्रापूर्वी ठरवून ठेवावयास हवे.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण देवस्थानांचे महाजन आहेत, समित्यांवर काम करतात, जत्रा-उत्सवांची व्यवस्था पाहतात. त्यांच्याशी येथे मोकळेपणाने बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. देवस्थान हेही एक कामाचे ठिकाण आहे. चैत्र-वैशाखातील उत्सवात महाप्रसादाच्या चुलांगणापाशी सहा-सहा तास उभे राहणारे आचारी व भांडी घासणाऱ्या बायका, उन्हात मांडव घालणारे मजूर, पालखीचे भोई, रांगा सांभाळणारे स्वयंसेवक आणि शिखराला रंग देणारे कारागीर हे सारे उष्णतेत काम करणारे लोक आहेत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील पुरस्कारसमारंभानंतर उष्माघाताने चौदा माणसे दगावली. भक्तीने आलेली ती माणसे होती. श्रद्धेच्या ठिकाणी मनुष्य उठून जाण्यास संकोचतो, तहान लागली तरी बसून राहतो, आणि सेवा करणारा तर ‘देवाचे काम आहे’ म्हणून अधिकच सोसतो. म्हणूनच तेथे थांबविण्याची जबाबदारी व्यवस्थेवर अधिक येते.

आमच्या सूचना साध्या आहेत. मांडवाचे व रंगाचे काम सकाळी लवकर व सायंकाळी करावे, दुपारी बारा ते चार बंद ठेवावे आणि त्याची मजुरी कापू नये. चुलांगणापाशी पाळ्या लावाव्यात. धूर बाहेर जाण्यास वाट ठेवावी, कारण सरपणाच्या धुरातही तेच सूक्ष्म कण असतात. पाणी कामाच्या जागी नेऊन द्यावे आणि तहानेची वाट न पाहता ते पाजावे. सोबत मिठाचे ताक, पेज किंवा कोकमाचे सरबत असावे. बाहेरगावाहून नवा आलेला गडी पहिले आठवडाभर हलक्या कामावर ठेवावा. सुक्या पाचोळ्याची आग लावून आवार साफ करण्याची चाल सोडावी. आणि कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर त्याला घाम येतो आहे की नाही हे पाहत बसू नये. सावलीत आणून अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये, आणि अंग थंड करणे चालू ठेवूनच रुग्णालयाची गाडी बोलवावी. या सर्वांवर लक्ष ठेवणारा एक माणूस नेमलेला असावा, आणि काम थांबविण्याचा अधिकार त्याला द्यावा. महाजनांनीही त्याचा शब्द मोडू नये.

लँकशायरपासून सत्तरीपर्यंतच्या या इतिहासात पाणी व सावली यांचे महत्त्व कोणास ठाऊक नव्हते असे एकही स्थळ आम्हांस आढळले नाही. ते पाणी श्रमिकापर्यंत नेण्याची आणि त्याला थांबू देण्याची जबाबदारी ज्या दिवशी कोणावर तरी निश्चित झाली, त्या दिवसापासून माणसे वाचू लागली. पाणपोई घालणाऱ्याचे पुण्य थोर आहे यात शंका नाही. परंतु राबणाऱ्याचे पाणी हे दान नसून त्याचे देणे आहे. येत्या गुढीपाडव्यास देवाला उटी लावताना गाभाऱ्याबाहेर शिखरावर कोण चढले आहे, याचीही आपण चौकशी करावी, एवढीच आमची विनंती.